रक्ताचा डाग पाकिटात भरण्यापूर्वी : घटनास्थळ ते सी. ए. रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल)

मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाणे जिल्ह्यातल्या एका बालिकेच्या खुनाच्या प्रकरणात फाशीची शिक्षा रद्द करून आरोपीला निर्दोष सोडलं. डीएनए अहवाल त्याच्या विरोधात होता. पण नमुने नेमके कोणी घेतले, ते कुठे ठेवले होते आणि पाठवायला उशीर का झाला, याची उत्तरं कागदावर नव्हती. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या छावला प्रकरणातही असंच झालं. नमुने घेतल्यानंतर दहा दिवसांहून अधिक काळ मालखान्यात (पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या कोठारात) पडून होते, आणि डीएनए चाचणी विश्वासार्ह रीतीने झाली का हे खालच्या न्यायालयांनी तपासलंच नव्हतं. दोन्हीकडे गाडं अडलं ते प्रयोगशाळेच्या दारापर्यंत पोचण्याआधीच.

म्हणून हे टिपण तपास अंमलदार, ग्रामीण रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी, फौजदारी बाजूचे नवे वकील आणि न्यायसहायक विज्ञान शिकणारे विद्यार्थी यांच्यासाठी. विषय फक्त रक्त, लाळ, वीर्य आणि त्यातला डीएनए. विसेरा (शवविच्छेदनात काढलेले आतले अवयव), बंदुकीच्या गोळ्या, मोबाईल यांचे नियम वेगळे आहेत आणि इथले नियम तिकडे लावले तर नुकसान होईल.

कायदा काय मागतो

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यायचं असतं आणि पुरावा गोळा करतानाचं चित्रण करायचं असतं. हे कलम प्रत्यक्षात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण आता बंधनकारक आहे. पंचनामा लिहून झाल्यावर पंचांना पाकिटं हातात धरायला लावून केलेलं चित्रण म्हणजे चित्रण नव्हे. सील लागताना, लाख ओतताना, लेबलवर सही होताना कॅमेरा चालू हवा.

जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूच्या कट्टावेल्लाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डीएनए नमुन्यांसाठी देशभर लागू होणाऱ्या सूचना दिल्या. त्यातल्या तीन पाठ करून ठेवाव्यात. नमुना घेतल्यापासून ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवायचा, उशीर झाला तर कारण लेखी नोंदवायचं. खटला चालू असताना न्यायालयाच्या परवानगीशिवाय सीलबंद पाकीट उघडायचं, बदलायचं किंवा पुन्हा सील करायचं नाही. आणि नमुना घेतल्यापासून खटल्याचा शेवट होईपर्यंत तो कोणाकोणाच्या ताब्यात होता याची एक नोंदवही ठेवायची.

घटनास्थळी : आधी डोळे, मग हात

काहीही उचलण्याआधी फोटो. तीन अंतरांवरून : खोली दिसेल असा, डाग आणि त्याच्या शेजारची ओळखीची वस्तू दिसेल असा, आणि जवळून, मोजपट्टी ठेवून, कॅमेरा डागाला काटकोनात धरून. तिरका धरलेला फोटो मोजमापाला निरुपयोगी. रक्ताच्या उडालेल्या थेंबाची रुंदी ४ मिमी आणि लांबी ८ मिमी असेल, तर ४ भागिले ८ म्हणजे ०.५, ज्या कोनाचा साइन ०.५ तो ३०° चा, म्हणजे थेंब साधारण ३० अंशांत आदळला. फोटो तिरका असेल तर हे गणित कोसळतं. अर्थात थेंबांच्या नक्षीवरून ‘मारेकरी डावखुरा होता’ वगैरे ठासून सांगणाऱ्यांपासून सावध राहावं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ च्या अहवालात या शाखेतली अनिश्चितता प्रचंड असल्याचं स्पष्ट लिहिलं आहे.

हातमोज्यांच्या दोन जोड्या एकावर एक घालाव्यात आणि दर वस्तूनंतर वरची जोडी बदलावी. मास्क लावायचा, बोलणं कमी करायचं. थुंकीचा न दिसणारा तुषारही डीएनए सोडतो. चिमटे आणि कात्री एकदाच वापरायच्या नसतील तर दोन वस्तूंच्या मध्ये दहा टक्के ब्लीचने, मग पाण्याने, मग स्पिरिटने पुसायच्या. बोटांचे ठसे घ्यायचे असतील तर पावडरचा ब्रश हा धोक्याचा. एकच ब्रश दहा ठिकाणी फिरला की एका घरातला डीएनए दुसऱ्या घरात जातो. चाकूच्या मुठीवर ठसे आणि डीएनए दोन्ही हवे असतील तर कशाला प्राधान्य हे तज्ज्ञाशी बोलून आधी ठरवावं.

निर्जंतुक म्हणजे डीएनएमुक्त नव्हे. हा धडा जर्मनीला फार महागात पडला. १९९३ पासून २००९ पर्यंत जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या साधारण चाळीस गुन्ह्यांच्या ठिकाणी एकाच अज्ञात बाईचा डीएनए सापडत होता. २००७ मध्ये हाइलब्रॉनला झालेल्या महिला पोलिसाच्या खुनातही तोच. शेवटी कळलं की ही बाई कापसाच्या काड्या भरणाऱ्या कारखान्यातली कामगार होती. काड्यांवरचे जंतू मारले होते, पण डीएनए तसाच राहिला होता. त्यानंतर २०१६ मध्ये अशा साहित्यात डीएनएची भेसळ कमीत कमी राहावी यासाठीचं आयएसओ १८३८५ हे मानक आलं. स्वॅब खरेदी करताना वेष्टनावर हा क्रमांक आहे का ते बघावं, आणि त्याच खोक्यातली एक कोरी काडी ‘कोरा नमुना’ म्हणून सोबत पाठवावी.

डाग रक्ताचा आहे का

काळपट डाग रक्ताचा असेलच असं नाही. पानाची पिचकारी, गंज, जांभूळ, रंग यांनी फसगत होते. फिनॉल्फ्थॅलीनची चाचणी मूळ डागावर कधीच करायची नाही. गाळण कागदाचा कोपरा डागाच्या कडेला हलकेच घासायचा. त्यावर एक थेंब अल्कोहोल, मग एक थेंब अभिकर्मक (फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण). काही सेकंद थांबायचं. इथेच गुलाबी झालं तर चाचणी बाद, कारण तिथे ब्लीच किंवा दुसरं ऑक्सिडीकारक आहे. काही झालं नाही तर शेवटी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकायचा. १० ते १५ सेकंदांत गडद गुलाबी आलं तर रक्त असण्याची शक्यता आहे. अर्ध्या मिनिटानंतर उगवलेला गुलाबी रंग मोजायचा नाही, तो हवेतल्या ऑक्सिजनने येतो. मुळा, बटाटा यांसारख्या भाज्यांतली पेरॉक्सिडेझ विकरंसुद्धा हीच प्रतिक्रिया देतात, म्हणून स्वयंपाकघरातल्या डागांबाबत जपून. पंचनाम्यात ‘रक्ताचा डाग’ न लिहिता ‘रक्तासारखा दिसणारा डाग’ लिहायची जुनी पद्धत याच कारणाने शहाणपणाची आहे.

माणसाचंच रक्त आहे का हे पुढे प्रयोगशाळेत ठरतं. तिथे पट्टीवरची चाचणी वापरतात आणि तिची एक गंमत आहे : नमुन्यात रक्त फार जास्त असेल तर पट्टी नकारात्मक येऊ शकते. पातळ करून पुन्हा केली की सकारात्मक. रक्ताने माखलेल्या कपड्यावर ‘मानवी रक्त आढळले नाही’ असा अहवाल दिसला, तर हा प्रश्न उलटतपासणीत जरूर विचारावा.

डाग उचलणं

वाळलेला डाग फरशीवर, भिंतीवर किंवा गाडीच्या दारावर असेल तर दोन काड्यांची पद्धत वापरायची. पहिल्या काडीच्या टोकावर डिस्टिल्ड वॉटरचे एक-दोन थेंब, त्याहून जास्त नाही. काडी निथळत असेल तर रक्त पसरतं आणि टोकावर राहत नाही. डागावर काडी फिरवत रक्त टोकाच्या लहानशा भागावर गोळा करायचं. त्याच जागी लगेच दुसरी, कोरडी काडी फिरवायची. ओल्या काडीने सुटलेल्या पेशी ती उचलते. त्वचेवरची लाळ उचलण्यासाठी ही पद्धत १९९७ मध्ये तपासून पाहिली गेली आणि तेव्हापासून ती टिकून आहे. शेजारच्या स्वच्छ जागेवरचा एक स्वॅब वेगळा घ्यायचा. नाहीतर ‘हे रक्त आधीपासूनच भिंतीवर होतं’ या बचावाला उत्तर उरत नाही.

डीएनएसाठी फार रक्त लागत नाही. एका पेशीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. डीएनए चाचणीच्या आजच्या संचांना अर्धा ते एक नॅनोग्रॅम पुरतो, म्हणजे जेमतेम दीडशे पेशी. टाचणीच्या डोक्याएवढ्या रक्तातही हजारो पांढऱ्या पेशी असतात. तेव्हा ‘डाग लहान आहे, राहू दे’ असं म्हणायचं नाही. उलट मोठ्या डागाचा हव्यास धरून अख्खी गादी प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठवण्यापेक्षा डागाभोवतीचा कपडा कापून घेणं बरं.

मातीवरच्या रक्तासाठी पंचनाम्यात ‘रक्तमिश्रित माती’ आणि ‘साधी माती’ अशा दोन पुड्या बांधायची आपल्याकडची रीत चांगली आहे. पण त्या दोन्ही पुड्या एकाच हातमोज्याने आणि एकाच खुरप्याने भरल्या, तर साधी माती साधी राहत नाही. आधी साधी भरा. मातीतलं ह्यूमिक आम्ल डीएनएची प्रत काढणारी रासायनिक क्रिया अडवतं, जीन्सचा निळा रंगही तेच करतो. म्हणून रक्ताचा गोळा झालेला भाग वेगळा उचलता आला तर तसा उचलावा; सगळी माती खरवडून जास्त भरण्यात फायदा नाही.

धुतलेल्या कपड्यांनाही हात लावावा. शिवण, खिशाचा आतला भाग, कॉलरची घडी, बटणामागचा दोरा इथे रक्त टिकतं. चाकूत पातं आणि मूठ यांच्यामधली फट बघावी. पातं धुतलं तरी त्या फटीपर्यंत सहसा कोणी जात नाही.

वाळवणं : सगळ्यात कंटाळवाणं, सगळ्यात महत्त्वाचं

जैविक पुरावा बाद होण्याचं आपल्याकडचं एक मोठं कारण म्हणजे ओलावा. ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की आत वाफ धरते, जिवाणू आणि बुरशी वाढतात आणि त्यांची विकरं डीएनएचे तुकडे करतात. आधी लांब तुकडे संपतात, मग लहान. प्रयोगशाळेच्या आलेखात हे उताराच्या घाटासारखं दिसतं : डावीकडे उंच टोकं, उजवीकडे खाली खाली जात शेवटी सपाट. न्यूयॉर्कच्या २००१ च्या हल्ल्यानंतर जळालेल्या, कुजलेल्या अवशेषांवर काम करताना संशोधकांनी मुद्दाम लहान तुकडे वाचणारे संच तयार केले, त्यामुळे आज असे नमुने पूर्वीपेक्षा बरे वाचता येतात. तरीही कुजलेलं रक्त ताजं होत नाही.

स्वॅब आणि कपडे सावलीत, खोलीच्या तापमानाला वाळवायचे. उन्हात नाही, कारण अतिनील किरणांनी डीएनए तुटतो. हेअर ड्रायरही नाही. पंखा चालेल, पण त्याचा झोत थेट कपड्यावर नको, आणि एका खोलीत आरोपीचे आणि मयताचे कपडे एकाच वेळी तर कधीच नकोत. दोन वेगळ्या खोल्या, शक्यतो दोन वेगळे अंमलदार. खाली पांढरा कागद अंथरायचा; त्यावर पडलेले कण, केस सोडून द्यायचे नाहीत, कागद घडी करून तोही मुद्देमालात घ्यायचा.

आता कोकणात जुलै महिना आहे आणि खोलीत काहीच वाळत नाही, असं समजा. मग बंद खोलीत आर्द्रता शोषणारं यंत्र किंवा एअर कंडिशनर चालू ठेवावा. तेही नसेल तर कपड्याच्या घड्यांमध्ये कोरा कागद घालून, कागदी पाकिटात, बर्फाच्या डब्यात त्याच दिवशी प्रयोगशाळेकडे पाठवणं हाच मार्ग. बर्फाच्या पिशव्या गळत नाहीत ना, ते आधी बघा. पाकीट भिजलं तर सगळं मुसळ केरात. कपडा घडी घालताना डागावर डाग येता कामा नये, नाहीतर पुढचा रक्ताचा शिडकावा मागे उमटतो आणि तो तिथे मुळात होता का हे सांगता येत नाही.

वाळल्यावर खाकी किंवा पांढरं कागदी पाकीट. दर वस्तूला वेगळं. पाकिटाची जीभ चाटून चिकटवायची नाही (हसू येईल, पण लाळेतूनही डीएनए जातो), स्टेपलर मारायचा नाही. चाकू पुठ्ठ्याच्या खोक्यात दोरीने किंवा केबल टायने जखडून ठेवायचा, हलला तर पात्यावरचा थर खोक्याला घासून पडतो. वर्तमानपत्रात गुंडाळणं बंद करावं : शाई लागते, ओल धरते आणि तो कागद आधी कोणाकोणाच्या हातून गेला हे कोणालाच ठाऊक नसतं.

तुलनेचा नमुना

डाग कोणाचा हे ठरवायला आरोपी, पीडित आणि मयत यांचे ज्ञात नमुने लागतात. आरोपीचं रक्त वैद्यकीय अधिकाऱ्याने जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत २ ते ३ मिलि घ्यायचं, नळी हलकेच उलटसुलट करायची, फ्रीजमध्ये ४° सेल्सिअसला ठेवायची. गोठवायची नाही, पेशी फुटतात. एफटीए कार्ड (रक्त वाळवून जपण्यासाठीचा रसायन लावलेला कागद) असेल तर चारही वर्तुळांत थोडं थोडं रक्त, वर्तुळाबाहेर न जाता. पूर्ण वाळल्यावरच कागदी पाकिटात, सोबत सिलिका जेलची पुडी. ओळखपत्रकावर फोटो, अंगठा, सही आणि दोन प्रश्न हवेतच : गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं आहे का, आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं आहे का. दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर रक्तातला डीएनए दात्याचा निघतो आणि सगळी तुलना उलटी पडते.

शवविच्छेदनात डीएनएसाठी घेतलेला अवयव फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा नाही. सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीसाठी फॉर्मॅलिन योग्यच, पण ते डीएनएच्या साखळ्या एकमेकींना जखडून टाकतं. बरण्या शेजारी शेजारी असतात, म्हणून ही गल्लत होते. कुजलेल्या मृतदेहात दाढा आणि मांडीचं हाड भरवशाचं.

लैंगिक अत्याचाराच्या तपासणीत वेळ हाताशी नसतो. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ७२ तासांनंतर पुरावा मिळण्याची शक्यता बरीच घटते, तरी ९६ तासांपर्यंत स्वॅब घ्यावेत. त्याहून उशीर झाला म्हणून तपासणी नाकारायची नाही, कपड्यांवर पुरावा टिकतो. पीडितेची संमती आधी. दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच अमान्य केली आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरावं असं सांगितलं. अहवाल नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८४ प्रमाणे सात दिवसांत तपास अंमलदाराकडे. स्वॅब वाळवूनच नळीत घालायचे; ओल्या स्वॅबचं झाकण लावलं की दोन दिवसांत बुरशी येते.

शुक्राणूंचं कवच स्त्रीच्या पेशींपेक्षा चिवट असतं. याचा फायदा घेऊन आधी स्त्रीच्या पेशी फोडायच्या, मग दुसऱ्या रसायनाने शुक्राणू, ही युक्ती १९८५ मध्ये पीटर गिल, ॲलेक जेफ्रीज आणि डेव्हिड वेरेट यांनी प्रसिद्ध केली. जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये लेस्टरला डीएनए ठशांचा शोध लावला होता. खुनाच्या तपासात त्याचा वापर पहिल्यांदा झाला तेव्हा आधी सुटला तो कबुली दिलेला निर्दोष तरुण. खरा गुन्हेगार नंतर सापडला.

लेबल आणि पत्र

पाकिटावर काय लिहावं याचा नमुना :

‘पोलीस ठाणे …, गु.र.नं. …/२०२५, कलम …, मुद्देमाल क्र. ३ : लाकडी मुठीचा चाकू, एकूण लांबी २८ सेंमी, पात्यावर रक्तासारखा डाग, जप्तीची जागा : स्वयंपाकघर, ओट्याखाली, दिनांक, वेळ २१.४०, पंच १ व २ च्या सह्या, तपास अंमलदाराची सही, वैद्यकीय नमुना असल्यास डॉक्टरांची सही.’

सील लाखेचं, आणि त्याच सीलचा ठसा वेगळ्या कागदावर पत्रासोबत. प्रयोगशाळेत दोन्ही जुळवून बघतात. पंचनाम्यात ‘सील केले’ एवढंच लिहून भागत नाही, सीलवरची अक्षरं लिहावी लागतात. मुद्देमाल कारकुनाकडे जमा केल्याची वेळ, बाहेर काढल्याची वेळ, घेऊन जाणाऱ्या अंमलदाराचा बक्कल क्रमांक, प्रयोगशाळेची पोच : या साखळीतली एक कडी निसटली की बचाव पक्षाचं काम निम्मं झालं. त्या अंमलदाराला साक्षीला बोलवायला विसरणं ही नेहमीची चूक.

महाराष्ट्रात मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कालिन्याला. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर इथे प्रादेशिक. पत्रात ‘मुद्देमाल तपासून अभिप्राय द्यावा’ असं मोघम लिहू नये. असं लिहावं : ‘मुद्देमाल क्र. ३ च्या पात्यावर मानवी रक्त आहे काय? त्याचा डीएनए मुद्देमाल क्र. ९ (मयताचे रक्त) शी जुळतो काय? मुठीवरील डीएनए मुद्देमाल क्र. ११ (संशयिताचे रक्त) शी जुळतो काय?’ पाते आणि मूठ वेगळी विचारली नाहीत तर सगळा चाकू एकत्र पुसला जाण्याचा धोका असतो.

आणि पत्रात आरोपीने कबुली दिल्याची हकीकत घालू नये. २०११ मध्ये इटिएल ड्रोर आणि ग्रेग हॅम्पिकियन यांनी अमेरिकेतल्या एका सामूहिक बलात्कार प्रकरणातला मिश्र डीएनए आलेख १७ तज्ज्ञांना पार्श्वभूमी न सांगता दाखवला. मूळ तज्ज्ञांना प्रकरण माहीत होतं आणि त्यांनी संशयिताला वगळता येत नाही असं म्हटलं होतं. या १७ पैकी एकच त्यांच्याशी सहमत झाला. चौघांनी निष्कर्ष काढता येत नाही म्हटलं, बाराजणांनी संशयिताला वगळलं. आलेख तोच होता.

ज्यांच्या डीएनएची भेसळ होऊ शकते त्यांचे नमुने स्वतंत्र पाठवावेत : प्रेत उचलणारे, डॉक्टर, छायाचित्रकार, घरातली माणसं.

सी. ए. रिपोर्ट वाचताना

आधी शेवटचं वाक्य वाचू नका. पाकीट कधी मिळालं, सील शाबूत होतं का, नमुना सीलशी जुळलं का, ते बघा. मग वस्तूंचे क्रमांक जप्ती पंचनाम्याशी ताडून पाहा. क्रमांकांची अदलाबदल वाटते तितकी दुर्मीळ नाही.

नुसता रक्तगट जुळला असेल तर त्याला फार वजन देऊ नये. भारतात ‘बी’ गट साधारण तीन माणसांमागे एकाचा असतो. आरोपीच्या शर्टावर ‘बी’ गटाचं रक्त आणि मयताचा गट ‘बी’, पण आरोपीचाही ‘बी’ असेल तर हाती काही लागत नाही.

डीएनए अहवालात डीएनएवरच्या किती जागा तपासल्या आणि किती जागी आकडे मिळाले हे मोजावं. तक्त्यात मधेमधे मोकळ्या जागा दिसल्या तर नमुना अपुरा किंवा कुजलेला. एका जागेवर दोनपेक्षा जास्त आकडे अनेक ठिकाणी असतील तर एकाहून जास्त माणसांचं मिश्रण. आलेखात खऱ्या टोकाशेजारी लहानसं सावलीचं टोक येतं, सहसा मूळ उंचीच्या ५ ते १५ टक्के. त्याला दुसऱ्या माणसाचा अंश समजण्याची किंवा दुसऱ्या माणसाच्या अंशाला सावली समजण्याची, दोन्ही चुका होतात. म्हणून वकिलाने तक्त्यावर न थांबता मूळ आलेख, डीएनए किती सापडला याचा आकडा, आणि कोऱ्या नियंत्रण नमुन्याचा निकाल मागावा. कोऱ्या नमुन्यात काही उगवलं असेल तर बाकीच्याकडे संशयानेच बघावं लागतं.

‘वाय’ गुणसूत्राचा अहवाल असेल तर आणखी जपून. तो बापाकडून मुलाकडे जवळपास जसाच्या तसा जातो. आजोबा, काका, चुलत भाऊ सगळ्यांचा एकच. एकाच भावकीच्या गावात ‘वाय प्रोफाइल जुळले’ याचा अर्थ गावातले कित्येक पुरुष संशयित आहेत, एवढाच. कोणाला वगळण्यासाठी मात्र ही चाचणी फार उपयोगी.

जुळण्याची शक्यता ‘दहा लाखांत एक’ अशी दिली असेल तर ‘आरोपी निर्दोष असण्याची शक्यता दहा लाखांत एक’ असं वाचायचं नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती; या हिशेबाने राज्यात शंभराहून जास्त माणसं जुळतील. बाकीचा पुरावा त्यातल्या याच माणसाकडे बोट दाखवतो का, हे न्यायालयाने ठरवायचं. पूर्ण प्रोफाइल (तपासलेल्या सगळ्या जागांचे आकडे) जुळलं तर हा आकडा अब्जांच्याही पुढे जातो आणि अडचण उरत नाही, एकसारखी (समरूप) जुळी भावंडं सोडून. ‘प्रोफाइल समान आहे’ लिहून आकडा न देणारा अहवाल अर्धवट.

आणि आकडा कितीही मोठा असला तरी तो फक्त ‘कोणाचा’ याचं उत्तर देतो. कसा आला, कधी आला, याचं नाही. नुसत्या स्पर्शाने डीएनए लागतो हे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात दाखवलं गेलं, आणि हस्तांदोलनातून तिसऱ्याच वस्तूवर तो जाऊ शकतो हेही. मेलबर्नमध्ये एका तरुणाला २००८ मध्ये बलात्काराबद्दल शिक्षा झाली ती केवळ एका स्वॅबवर; तो स्वॅब घेण्याच्या आदल्या दिवशी त्याच तपासणी कक्षात दुसऱ्या बाईचे नमुने घेतले होते आणि त्यातून त्याचा डीएनए आला असावा असं पुढे निघालं. डिसेंबर २००९ मध्ये शिक्षा रद्द झाली. रक्ताचा किंवा वीर्याचा डाग आणि स्पर्शाचा अंश यांना एकाच मापाने मोजू नये. तज्ज्ञाला साक्षीत विचारावं : डीएनए कोणत्या द्रवातून आला हे तपासलं का, की नुसता डीएनए सापडला?

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली सरकारी तज्ज्ञाचा अहवाल तज्ज्ञाला न बोलवताही वाचता येतो, म्हणून अनेक खटल्यांत कोणी त्याला बोलवतच नाही. वरच्यापैकी एकही गोष्ट खटकली तर अर्ज करून बोलवावं. फेरतपासणी मागायची असेल तर उरलेला स्वॅब किंवा काढलेला डीएनए शिल्लक आहे का हे आधी लेखी विचारावं, आणि प्रयोगशाळेने तपासणीत सगळा नमुना संपवला असेल तर त्याची नोंद अहवालात आहे का ते बघावं. म्हणून पत्र पाठवतानाच एक ओळ जोडावी : ‘शक्य असल्यास अर्धा नमुना राखून ठेवावा, शक्य नसल्यास नमुना संपवण्यापूर्वी कळवावे.’